लॅमिना म्हणजे काय? पातळ पापुद्र्यांच्या शास्त्रीय शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळला माझ्याकडे आठवी ते बारावीची मुलं विज्ञान शिकायला येतात. काही मराठी माध्यमाची, काही सेमी-इंग्रजीची. ‘लॅमिना’ हा शब्द त्यांना पुन्हा पुन्हा भेटतो. कधी तो पानाचा भाग असतो, कधी खडकातली रेघ, अकरावीत पुठ्ठ्याचा त्रिकोण, आणि घरी आजोबांच्या पाठीच्या एमआरआय अहवालातही तोच. मुलं दर वेळी तो नव्याने पाठ करतात आणि दर वेळी विसरतात. शब्द एकच आहे आणि त्याचा गाभाही एकच आहे. तो एकदा हाती लागला की पाठ करावं लागत नाही. मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

लॅमिना म्हणजे नेमकं काय?

लांबी-रुंदीच्या मानाने जाडी अगदी कमी असलेला, पसरट, सलग तुकडा किंवा थर. यातलं ‘मानाने’ महत्त्वाचं. लॅमिना पातळ असते ती तिच्याच पसाऱ्याशी तुलना करता. म्हणून केळीचं हातभर रुंद पान हीही लॅमिना, आणि डोळ्याने न दिसणारं पेशीच्या केंद्रकाचं आतलं अस्तर हीही लॅमिनाच.

बऱ्याच शास्त्रांत आणखी एक अर्थ सोबत येतो: ती एकटी नसते, एकावर एक रचलेल्या अनेकींपैकी एक असते. खडकात, हाडात, ट्रान्सफॉर्मरमध्ये तसंच आहे. पानाला आणि गणितातल्या लॅमिनाला मात्र हे लागू होत नाही, त्या एकट्याच असतात.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमधून. तिथे ‘लामिना’ म्हणजे धातूचा पातळ पत्रा, पट्टी, पातं. त्याचंच लहान रूप ‘लामेल्ला’, म्हणजे छोटंसं पातळ पातं. मराठीत आपण चाकूचं पातं म्हणतो, गवताचं पातं म्हणतो आणि झाडाचं पान म्हणतो. पातळ आणि पसरट गोष्टींना जवळजवळचे शब्द देण्याची ओढ लॅटिनमध्येही तशीच दिसते.

या लामेल्लाचा एक वंशज मुंबईत रोज सकाळी तव्यावर पडतो. ऑम्लेट. फ्रेंचमध्ये लामेल्लापासून पात्याला ‘लमेल’ म्हणू लागले, पुढे शब्दाची अक्षरं मागेपुढे झाली आणि अंड्याच्या पातळ, चपट्या पोळीला ‘ऑम्लेट’ नाव मिळालं. मुलांना मी हे आवर्जून सांगते. एकदा ऑम्लेट डोळ्यांसमोर आलं की लॅमेला म्हणजे पातळ आणि पसरट, हे कुणी विसरत नाही.

जरीसारखा चमकणारा ‘लामे’ हा कपडाही याच घरचा. त्यात धातूच्या बारीक चपट्या पट्ट्या विणलेल्या असतात.

मराठीत काय म्हणायचं? पटल, थर, स्तर की आणखी काही?

यावर माझं मत ठाम आहे: जिथे जमेल तिथे ‘पापुद्रा’ म्हणावं.

कारण हा शब्द मुलांच्या तोंडी आधीच आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली आपण पहिल्यांदा काय पाहतो? कांद्याचा पापुद्रा. मांसल पाकळीच्या आतल्या बाजूने चिमट्याने अलगद सोलून काढलेला, एकाच पेशीच्या जाडीचा. पातळ, सलग, पसरट आणि सुटा होणारा. लॅमिनाच्या चारही खुणा त्यात आहेत. अभ्रकाचे पापुद्रे निघतात, जुन्या रंगाचे भिंतीवरून निघतात, उन्हाने भाजलेल्या कातडीचेही निघतात. इतक्या ठिकाणी चालणारा, कुणाला समजावून सांगावा न लागणारा शब्द हाती असताना तो विज्ञानाच्या वहीत लिहायला आपण का बिचकतो, हे मला कळत नाही.

‘पटल’ हा ग्रंथांतला शब्द आहे, पण त्याच्यावर आधीच फार ओझं आहे. दृष्टिपटल म्हणजे डोळ्याच्या मागचा प्रकाश टिपणारा भाग, श्वासपटल म्हणजे छातीखालचा स्नायूंचा पडदा, पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचं आवरण. इंग्रजीत या तिघांना तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांतला एकही लॅमिना नाही. चौथा अर्थही पटलच्याच गळ्यात बांधला की मुलाला वाटतं, सगळं एकच.

‘थर’ चांगला आहे, पण तो जाडीबद्दल काहीच सांगत नाही. गोविंदा नऊ थर लावतात तेव्हा एकेक थर माणसाएवढा असतो. ‘स्तर’ भूगर्भशास्त्रात रूढ आहे, पण तो मोठ्या थरासाठी राखून ठेवलेला बरा. आणि ‘पदर’ हा शब्द कोशांपेक्षा स्वयंपाकघरात जास्त जिवंत आहे. त्याच्याकडे पुढे येते.

पापुद्रा कुठे चालत नाही? पानाच्या बाबतीत आणि गणितात. ‘पिंपळाच्या पानाचा पापुद्रा’ म्हटलं की सोलून काढलेली कातडी वाटते. तिथे पाठ्यपुस्तकातला ‘पर्णपत्र’ योग्य. गणितात सरळ ‘लॅमिना’ किंवा ‘पातळ पत्रा’ म्हणावं.

लॅमिना आणि लॅमेला यांत फरक काय?

शब्दाने मोठी आणि धाकटी. वापरात मात्र ज्या त्या शास्त्राची सवय चालते. खडक आणि मणके यांत लॅमिना. माशांचे कल्ले, हाड, पोलाद, अळंबीच्या छत्रीखालच्या पट्ट्या यांत लॅमेला. जाडी मोजून एकीची हद्द कुठे संपते असा सर्वमान्य नियम नाही. ज्या विषयात लिहीत आहात तिथली रूढी पाळा.

किती पातळ असलं की लॅमिना म्हणायचं?

आकड्यात उत्तर देणारं शास्त्र म्हणजे भूगर्भशास्त्र. तिथे सर्रास वापरली जाणारी सीमा १ सेंटीमीटर आहे: त्यापेक्षा जाड असेल तर स्तर, कमी असेल तर लॅमिना. गणितात जाडी चक्क नसल्यासारखीच धरतात. हाडातल्या लॅमेला साधारण ३ ते ७ मायक्रॉनच्या असतात (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). ट्रान्सफॉर्मरमधल्या पत्र्या अर्ध्या मिलीमीटरच्या किंवा त्याहून पातळ. थोडक्यात, एक सेंटीमीटर ही खडकांपुरती मर्यादा आहे, ती दुसरीकडे नेऊ नका.

खडकात लॅमिना तयार कशा होतात?

हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग, म्हणून सविस्तर सांगते.

पाणी गाळ आणतं. वेग असेल तेव्हा वाळूचे जाड कण वाहून नेतं, वेग मंदावला की ते आधी खाली बसतात आणि मागाहून बारीक चिखल बसतो. वेग पुन्हा वाढला की त्यावर पुन्हा वाळू. हा फरक दर वेळी एक पातळ रेघ सोडून जातो. एकेक लॅमिना म्हणजे पाण्याच्या वागण्यात झालेला एकेक बदल.

मुंबईकराला हे समजायला भरती-ओहोटी पुरे. आपल्या किनाऱ्यावर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. खाडीत पाणी जोरात आत येतं तेव्हा वाळू हलते. भरती पूर्ण होऊन पाणी क्षणभर थबकतं तेव्हा चिखल बसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती असते, तेव्हाचे थर जाड. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हाचे पातळ. हे असंच साठत गेलं आणि दगड झालं, तर कोट्यवधी वर्षांनंतरही त्या रेघा मोजून चंद्राच्या कला वाचता येतात. जगात अशा खडकांवरून प्राचीन काळच्या भरत्यांचा अभ्यास खरोखर झाला आहे.

मग शिवडीच्या चिखलात अशा रेघा जागोजागी का दिसत नाहीत? कारण तो चिखल जिवंत आहे. किडे, खेकडे, शिंपले त्यात सतत बिळं करतात आणि रेघा ढवळल्या जातात. लॅमिना टिकायला शांतता लागते. म्हणूनच खडकात त्या सुबक, अखंड दिसल्या की तिथल्या तळाशी प्राणवायू कमी असावा, फारसे जीव नसावेत, असा कयास भूगर्भशास्त्रज्ञ बांधतात.

थंड देशांतल्या तळ्यांत ही रेघ वर्षाची असते. उन्हाळ्यात बर्फ वितळून फिकट, भरड गाळ येतो. हिवाळ्यात तळं गोठतं आणि गडद, बारीक चिकणमाती सावकाश बसते. फिकट आणि गडद मिळून एक वर्ष. या जोडीला ‘वार्व’ म्हणतात, स्वीडिश शब्द आहे. गेरार्ड दे गेअर या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९व्या शतकाच्या अखेरीपासून अशा जोड्या मोजून हिमयुगानंतर बर्फ कसा मागे हटत गेला त्याचा वर्षावर्षाचा हिशोब मांडला. जपानमधल्या सुइगेत्सु तळ्याच्या तळातल्या अशाच वार्षिक रेघांचा उपयोग रेडिओकार्बन कालमापन (जुन्या सेंद्रिय अवशेषांचं वय काढण्याची पद्धत) अचूक करण्यासाठी झाला आहे.

मुंबई तर काळ्या दगडाची. इथे अशा लॅमिना असलेला खडक आहे का?

आहे, आणि त्याची गोष्ट प्रत्येक मुंबईकर मुलाला माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचा काळा दगड बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. दख्खनवर पसरलेल्या या लाव्हाच्या थरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायऱ्यांवरून आला, कारण सह्याद्रीत लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे दिसतात. पण ते थर कित्येक मीटर जाडीचे असतात. त्यांना लॅमिना म्हणणं चूक. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरच्या उभ्या रेघाही लॅमिना नव्हेत. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे उभे खांब झाले, त्यांच्या त्या कडा आहेत.

पण एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला. त्या काळात इथे उथळ, गोड्या पाण्याची तळी होती, त्यांत गाळ साठला. पुढच्या लाव्हाने तो झाकून टाकला. वरळी आणि मलबार हिलच्या परिसरात हा गाळाचा खडक सापडला. त्यात सेंद्रिय द्रव्यामुळे काळपट झालेला शेल आहे, आणि शेल म्हणजे पापुद्र्यांनी फुटणारा खडक. त्या पापुद्र्यांच्या मधोमध वरळीला छोट्या बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. आज त्या बेडकाचं शास्त्रीय नाव इंडोबॅट्रॅकस पुसिलस. पुसिलस म्हणजे चिमुकला.

बेडकाची हाडं किती नाजूक असतात ते आठवा. ढवळलेल्या गाळात ती विखुरली असती. पाणी शांत होतं, चिखल पापुद्र्यापापुद्र्याने बसला, म्हणून सांगाडे आपल्यापर्यंत पोचले.

पानाची लॅमिना म्हणजे पूर्ण पान का?

नाही. देठ सोडून राहिलेला हिरवा पसरट भाग म्हणजे लॅमिना, अर्थात पर्णपत्र. अळूवडीला आपण देठ कापून जे घेतो ते. कढीपत्त्याची एक काडी हे मिळून एक पान असतं आणि त्यावरच्या सुट्या हिरव्या चकत्या या पर्णिका. प्रत्येक पर्णिकेची स्वतःची लॅमिना. इतकं पुरे.

डॉक्टरांच्या अहवालात ‘लॅमिना’ किंवा ‘लॅमिनेक्टॉमी’ लिहिलं आहे. घाबरायचं का?

शब्दाला घाबरू नका. प्रत्येक मणक्याला मागच्या बाजूला हाडाची एक कमान असते. त्या कमानीच्या डावी-उजवीकडच्या दोन चपट्या फळ्या म्हणजे लॅमिना. त्या प्रत्येक माणसात असतात. तो आजार नव्हे. या कमानीखालच्या पोकळीतून मज्जारज्जू आणि नसा जातात. पोकळी अरुंद होऊन नसा दबल्या तर शल्यविशारद ती फळी पूर्ण किंवा थोडी काढून जागा करून देतात. ती लॅमिनेक्टॉमी. तुम्हाला ती लागेल की नाही हे मात्र तुमचे डॉक्टरच सांगू शकतील, शब्दाच्या अर्थावरून ते ठरत नाही.

काचबिंदूच्या तपासणीत ‘लॅमिना क्रिब्रोसा’ दिसेल. क्रिब्रोसा म्हणजे चाळणीसारखी. डोळ्याच्या मागे हा एक जाळीदार पापुद्रा असतो आणि त्याच्या छिद्रांतून दृष्टीच्या चेतातंतूंचा जुडगा बाहेर पडतो. काचबिंदूत तंतूंना इजा होते ती बरीचशी इथेच.

आतड्याच्या बायोप्सीत ‘लॅमिना प्रोप्रिया’ येतं. आतल्या अस्तराखालचा तो मऊ, पातळ थर आहे आणि तोही निरोगी शरीरात असतोच.

‘लॅमिनार फ्लो’ म्हणजे?

मोरीतला नळ अगदी थोडा उघडा. पाण्याची धार काचेच्या काडीसारखी नितळ आणि स्थिर पडते. आता नळ पूर्ण सोडा. धार फेसाळते, वळवळते. पहिली धार लॅमिनार, दुसरी संक्षुब्ध.

लॅमिनार प्रवाहात द्रवाचे पापुद्रे एकमेकांवरून घसरत जातात, पत्त्यांचा कॅट टेबलावर हाताने सरकवावा तसे, पण एकमेकांत मिसळत नाहीत. काही मराठी पुस्तकांत याला स्तरीय प्रवाह म्हटलं आहे. ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हे दाखवलं: पाणी सावकाश असताना रंगाची रेघ सरळ राहते, वेग एका मर्यादेपलीकडे गेला की रंग सगळीकडे पसरतो. नळीतल्या प्रवाहासाठी त्यांच्या नावाचा अंक (वेग, नळीचा व्यास आणि द्रवाचा चिकटपणा यांवरून काढलेला) साधारण २००० च्या आत असेल तर प्रवाह लॅमिनार राहतो. दीड सेंटीमीटर व्यासाच्या नळीत हिशोब केलात तर पाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम बारा-तेरा सेंटीमीटर येतो. म्हणजे आपल्या इमारतीच्या नळांतलं पाणी बहुतेक वेळ संक्षुब्धच असतं.

रुग्णालयात ‘लॅमिनार ओटी’ म्हणतात ती अशी शस्त्रक्रियेची खोली, जिथे गाळलेली हवा छतातून एकसारख्या पडद्यासारखी खाली येते आणि धूळ व जंतू घुसळले न जाता बाजूला सारले जातात.

अकरावीच्या गणितात ‘त्रिकोणी लॅमिना’ असते, ती खरी वस्तू आहे का?

ती एक सोय आहे. जाडी नसलेली पण वस्तुमान असलेली सपाट वस्तू, असं समजायचं, म्हणजे हिशोब दोनच मितींत होतो. सगळीकडे सारखी घनता असलेल्या त्रिकोणी लॅमिनाचा वस्तुमानमध्य मध्यगा जिथे छेदतात तिथे येतो. पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून त्या बिंदूखाली पेन्सिलीचं टोक धरा, तो तोलून राहतो. दहा वर्षं शिकवतेय, पण पहिल्यांदा त्रिकोण तोलणाऱ्या मुलाचा चेहरा बघायला अजून तितकंच आवडतं.

लॅमिंग्टन रोडचा या शब्दाशी संबंध आहे का?

नाही. हा प्रश्न एका आठवीतल्या मुलीने विचारला होता आणि चांगला विचारला होता. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्यावरून ते नाव पडलं. आता तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. मात्र त्याच रस्त्यावरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत लॅमिना पाहायला नक्की मिळतात. छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या आणि कडेने बघा: इंग्रजी ई आणि आय या अक्षरांच्या आकाराच्या पातळ लोखंडी पत्र्या एकावर एक रचलेल्या दिसतील.

अख्खा ठोकळा का नाही वापरत? कारण बदलत्या चुंबकक्षेत्रामुळे लोखंडातही वीज गोल गोल फिरू लागते, ठोकळा तापतो आणि ऊर्जा वाया जाते. पत्र्या पातळ केल्या आणि प्रत्येकीवर विद्युतरोधक लेप दिला की त्या भोवऱ्यांना फिरायला जागा उरत नाही. जाडी निम्मी केली तर हा अपव्यय चौथाईवर येतो.

यातून आपल्या लोकलचाही एक धागा जातो. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश (डीसी) विजेवर. एकदिश विजेवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, त्यामुळे त्या गाडीला तो नव्हताच. आजच्या लोकल २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती (एसी) विजेवर धावतात आणि तो दाब उतरवायला गाडीतच ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचा गाभा अशाच पत्र्यांचा.

झेरॉक्सच्या दुकानातलं ‘लॅमिनेशन’ आणि हा शब्द एकच?

एकच. कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा उष्णतेने चिकटवायचा, म्हणून लॅमिनेशन.

पण मूळ कागदपत्रं लॅमिनेट करू नका, ही माझी कळकळीची विनंती. माझ्या आईचा शाळा सोडल्याचा दाखला आम्ही हौसेने एका दुकानात लॅमिनेट करून घेतला. सात-आठ पावसाळ्यांनंतर कडेने हवा शिरली, आत दमट डाग पडले आणि शाई फुटली. सोडवायला गेलं की कागदाचा वरचा पापुद्रा प्लॅस्टिकसोबत निघत होता. तिचं शाळेतलं नाव असलेला तेवढाच एक कागद होता. उष्णतेने वितळलेला गोंद कागदाच्या तंतूंत शिरतो आणि परत निघत नाही, म्हणून जुने दस्तऐवज जपणारे लोक लॅमिनेशन टाळतात. मूळ कागद पारदर्शक पिशवीत ठेवा, लॅमिनेट झेरॉक्स करा.

सनमायकात अभ्रक असतं का?

नसतं. आपले सुतार सरसकट ‘मायका’ म्हणतात, आणि मायका म्हणजे अभ्रक, त्यामुळे हा समज होतो. तो पत्रा म्हणजे राळेत भिजवलेल्या जाड तपकिरी कागदांचे थर, वर नक्षीचा कागद, आणि हे सगळं उष्णता व दाबाखाली एकजीव केलेलं. नावाचा माग मात्र अभ्रकाकडेच जातो. अमेरिकेत १९१२-१३ च्या सुमारास असा पदार्थ विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला तयार केला गेला. अभ्रका‘साठी’ म्हणून ‘फॉर्मायका’.

खरं अभ्रक पाहायचं तर बिघडलेली जुनी इस्त्री उघडा. तार ज्यावर गुंडाळलेली असते ती चमकती पातळ चकती अभ्रकाची. नखाने कड उचकटली की पापुद्रा निघतो, त्याचा आणखी पातळ पापुद्रा निघतो, आणि निघतच राहतो. त्यातले अणू सपाट चादरींत रचलेले असतात. चादरीच्या आत घट्ट बांधलेले आणि दोन चादरींमध्ये सैल.

खारी बिस्कीट आणि चिरोट्यांचे पदर, त्यांनाही लॅमिना म्हणता येईल?

बेकरीच्या इंग्रजीत या कृतीला खरोखर लॅमिनेशन म्हणतात. पिठाच्या दोन पदरांमध्ये स्निग्ध पदार्थ, मग घडी, मग लाटणं, पुन्हा घडी. दर वेळी तीन पदरी घडी घातली तर पदर ३, ९, २७ असे वाढतात; सहाव्या घडीला ७२९. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, मधल्या तुपामुळे पदर चिकटत नाहीत आणि खारी फुलते.

आपल्याकडे चिरोट्याला साटा लावतात तो याचसाठी. तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा पोळ्यांच्या मध्ये गेला की तळताना पदर सुटतात. साटा कमी पडला तर पदर एकमेकांना धरून बसतात. इथे मी ‘लॅमिना’ म्हणणार नाही, ‘पापुद्रा’ही क्वचितच. ‘पदर’ हाच शब्द.

कोळणीकडे मासा घेताना कल्ला उचलून बघतात. तिथे लॅमेला दिसतात का?

अर्ध्या दिसतात. लाल फणीसारखे दात डोळ्यांना दिसतात. त्या प्रत्येक दातावर अतिशय पातळ आडव्या चकत्या असतात, त्यांना भिंगच लागेल. रक्त आणि पाणी यांच्यामध्ये उरतं ते त्या चकतीचं तलम कातडं, म्हणून पाण्यातला तुटपुंजा प्राणवायूही रक्तात जातो. मासा पाण्याबाहेर काढला की या चकत्या ओल्या कागदासारख्या एकमेकींना चिकटतात. भोवती भरपूर हवा असूनही तो गुदमरतो तो यामुळे. आणि कल्ल्यांचा लाल रंग हा त्या चकत्यांतल्या रक्ताचा, म्हणून शिळ्या बांगड्याचे कल्ले तपकिरी पडतात.

शब्दाचं लिंग आणि अनेकवचन काय धरायचं?

मी ‘ती लॅमिना’ म्हणते, अनेकवचनीही ‘त्या लॅमिना’. लॅटिनमध्येही हा शब्द स्त्रीलिंगी आहे. ‘लॅमिनी’ हे अनेकवचन मराठी वाक्यात परकं वाटतं, आणि इंग्रजी धाटणीचं ‘लॅमिनाज’ तर त्याहून परकं. लॅमेलाचंही तसंच. परीक्षेत मात्र पुस्तकात जो शब्द छापला आहे तोच लिहा.

मुंबईत स्वतःच्या डोळ्यांनी लॅमिना पाहायच्या तर कुठे जायचं?

ओहोटीच्या वेळी समुद्रकिनाऱ्यावर. गिरगाव आणि जुहूची वाळू पायांनी फार तुडवलेली असते; गोराई किंवा आक्सासारख्या ठिकाणी, गर्दीपासून दूर, भरतीरेषेच्या थोडं खाली जा. आक्साच्या पाण्यात उतरू नका, तिथला समुद्र धोकादायक आहे आणि या कामासाठी पाण्यात जायची गरजही नाही. थापीने वीतभर खोल चर खणा आणि एक बाजू जुन्या पट्टीने सरळ उभी कापा. फिकट वाळूत काळ्या बारीक रेघा दिसतील. लाट वर येते, परत जाताना हलके कण ओढून नेते आणि जड, काळे कण मागे ठेवते, तीच रेघ. सोबत लोहचुंबक असेल तर काळी वाळू त्याला लावून बघा. आपल्या बेसॉल्टमधून झिजून आलेले मॅग्नेटाइटचे कण केसांसारखे उभे राहून चिकटतात. फोटो लगेच काढा. उन्हाने वाळू सुकली की कापलेली कड दहा-पंधरा मिनिटांत ढासळते.